उष्णतासंचयी भट्टी

सरपण थोडा वेळ पण पूर्ण भरात जाळून त्याची उष्णता विटांच्या किंवा दगडाच्या बांधकामात मुरवणारी आणि पुढे १२ ते २४ तास ती खोलीत सोडत राहणारी घरगुती भट्टी. फिनलंड, स्वीडन, रशिया, ऑस्ट्रिया, जर्मनी या देशांत ती शतकानुशतके वापरात आहे. इंग्रजीत तिला मेसनरी हीटर, जर्मनमध्ये काखेलओफेन आणि रशियनमध्ये पेच म्हणतात. अमेरिकेतील एएसटीएम ई १६०२ या मानकानुसार अशा भट्टीचे वस्तुमान किमान ८०० किग्रॅ. असावे लागते आणि धुराड्यात शिरण्यापूर्वी तप्त वायूंनी आत निदान एकदा तरी उलट दिशेने वळावे लागते. घरांत आढळणाऱ्या बऱ्याच भट्ट्या याहून खूप जड, काही टनांच्या असतात.

या रचनेमागचे कारण लाकडाच्या जळण्यातच आहे. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे ८०% भाग तापल्यावर वायुरूपाने बाहेर पडतो. हे वायू पूर्ण जळायला साधारण ६०० अंश से.हून अधिक तापमान आणि भरपूर हवा लागते. पत्र्याचा किंवा बिडाचा साधा स्टोव्ह उष्णता फारशी धरून ठेवत नाही, म्हणून ऊब रात्रभर पुरावी यासाठी हवेची झडप आवळली जाते आणि जाळ कोंडतो. न जळलेले वायू मग धुराबरोबर निघून जातात, थंड धुराड्यात त्यांचा डांबरासारखा थर बसतो आणि तोच पुढे पेट घेतो. सरपणही वाया जाते आणि घरही धोक्यात येते. उष्णतासंचयी भट्टीत जळण्याची वेळ आणि ऊब मिळण्याची वेळ वेगळी केलेली असते, त्यामुळे जाळ कोंडण्याची गरजच उरत नाही.

२० टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या १ किग्रॅ. लाकडातून सुमारे ४ किलोवॅट-तास उष्णता मिळते. १५ किग्रॅ. सरपण ८०% कार्यक्षमतेने जाळले, तर ४८ किलोवॅट-तास हाती येतात. ही सगळी उष्णता २,५०० किग्रॅ. विटांत साठली, तर त्यांचे तापमान सरासरी ८० अंशांनी वाढेल; चोवीस तासांत ती बाहेर पडली की खोलीला सरासरी २ किलोवॅट मिळतात. फटींतून वारा येणाऱ्या घराला ८ किलोवॅट लागत असतील, तर भट्टीचा आकार वाढवत बसण्यापेक्षा आधी छत आणि खिडक्या बंदिस्त करणेच शहाणपणाचे.

१७६७ मध्ये स्वीडनमध्ये लाकडाची टंचाई भेडसावत असताना कार्ल युहान क्रोनस्टेट आणि फाब्यान व्रेडे यांनी वायूंना वरखाली अनेक मार्गांतून फिरवणारी सुधारित भट्टी आखून दिली. फिनलंडच्या प्रतिप्रवाही रचनेत ज्वाळा जळणकक्षातून वर जातात, दोन्ही बाजूंच्या मार्गांनी खाली उतरतात आणि तळाशी धुराड्याला मिळतात. रशियात ग्रूम-ग्रझिमाइलो या धातुशास्त्रज्ञाच्या विचारातून घंटेच्या आकाराच्या पोकळीची पद्धत आली: तप्त वायू पोकळीत वर साचतात, थंड झालेले खाली उतरून बाहेर पडतात. काश्मीरमधील हमामही याच कुळातला. तिथे फरशीखालच्या पोकळीत लाकूड जाळून दगडी जमीन तापवतात.

बांधकाम दुपदरी असते. आतला गाभा अग्निरोधक विटांचा, अगदी बारीक सांध्यांचा; बाहेरचे कवच साध्या भाजलेल्या विटांचे, फरश्यांचे किंवा सोपस्टोन या मऊ, उष्णता धरणाऱ्या दगडाचे. दोन्हींमध्ये ६ ते १० मिमी. फट ठेवून सिरॅमिक तंतूंचा कागद किंवा तत्सम दबणारे साहित्य घालतात. हा तपशील गाळण्याचा मोह गवंड्याने कधीच करू नये. तापलेला गाभा फुगतो. फट नसेल तर तो कवचाला रेटतो आणि पहिल्याच हिवाळ्यात उभा तडा जातो. गाभ्यात साधा सिमेंटचा मसाला चालत नाही, कारण त्या उष्णतेत तो भुसभुशीत होतो. लोखंडी दाराची चौकटही विटांना घट्ट जखडू नये. पाया स्वतंत्र, सळ्या घातलेल्या काँक्रीटचा असावा, आणि प्रत्येक मार्गाच्या तळाशी राख काढण्याचे झाकण हवेच. भट्टी बाहेरच्या भिंतीला न टेकवता घराच्या मध्यभागी बांधावी.

नव्या बांधकामात पाणी मोठ्या प्रमाणात असते. दार उघडे ठेवून ते काही आठवडे सुकू द्यावे, नंतर आठ-दहा दिवस रोज एक-दोन किलो ढलप्यांचा बारीक जाळ करून तो हळूहळू वाढवावा. घाई केली की आत वाफ कोंडते आणि सांधे उकलतात.

रोजच्या वापरात ७ ते १० सेंमी. जाडीची, फोडून एक-दोन वर्षे आडोशाला वाळवलेली फाटी घ्यावी. जाड तुकडे खाली आणि ढलप्या वर रचून वरून पेटवले की वायू ज्वाळेतूनच जातात व धूर कमी होतो. हवा पूर्ण उघडी ठेवावी. एक भरणा साधारण दीड-दोन तासांत जळतो. सर्वांत नाजूक क्षण त्यानंतरचा. निखाऱ्यांवर निळी ज्योत दिसते तोवर कार्बन मोनॉक्साइड तयार होत असतो. तेव्हा धुराड्याची झडप लावली तर तो बिनवासाचा, जीवघेणा वायू खोलीत येतो. ज्योत गेल्यावर आणि निखारे विझल्यावरच झडप मिटावी. त्या वायूची सूचना देणारा गजर घरात असलाच पाहिजे.

बरेच दिवस न पेटवलेल्या भट्टीत धुराडे थंड असते आणि धूर खोलीत उलटतो. अशा वेळी थेट धुराड्यात नेणारी बगल-झडप उघडावी, किंवा तळाच्या झाकणातून थोडा कागद पेटवून ओढ सुरू करावी. कवचावरचे केसासारखे तडे निरुपद्रवी. धूर गळणारा तडा मात्र लगेच दुरुस्त करावा. कडाक्याच्या दिवशी लागोपाठ जादा भरणे टाकल्याने कवच फाटू शकते.

भट्टीचा मोठा दोष तिचा संथपणा. थंड भट्टीची ऊब खोलीत जाणवायला काही तास लागतात, म्हणून केवळ शनिवार-रविवारी उघडणाऱ्या घरासाठी ती बांधू नये. वसंतात उन्हाळ दुपारी जड भट्टी खोली नकोशी गरम करते. तेव्हा अर्धाच भरणा पुरतो.

अनेक खोल्यांच्या घरात वस्तुमान म्हणून पाणीही वापरतात. लाकूड जाळणाऱ्या बॉयलरला जोडलेल्या टाकीतले १,००० लिटर पाणी ३५ वरून ८५ अंशांवर नेले, की सुमारे ५८ किलोवॅट-तास साठतात. जर्मनीत हाताने सरपण भरायच्या बॉयलरसाठी साधारणपणे दर किलोवॅटमागे किमान ५५ लिटर साठा लागतो. टाकीतून परतणारे पाणी ५५-६० अंशांपेक्षा थंड असताना बॉयलरमध्ये शिरू नये, म्हणून मिश्रण-झडप बसवतात. ती नसेल तर आतल्या पत्र्यावर आम्लयुक्त पाणी आणि डांबर साचून तो गंजतो.