वयपडताळणी (ऑनलाइन)

संकेतस्थळ किंवा ॲप वापरणारी व्यक्ती ठरावीक वयाची आहे की नाही, हे तपासण्याची पद्धत. मुलांना अश्लील मजकुरापासून किंवा समाजमाध्यमांपासून दूर ठेवू पाहणारे नवे कायदे बहुतांशी याच तपासणीवर उभे आहेत. गोची अशी, की मूल कोण हे ओळखायचे तर मोठ्यांनाही आपले वय दाखवावे लागते. मुलांसाठीचा कायदा असा सगळ्यांनाच लागू होतो.

जन्मतारीख विचारणे हा सर्वांत जुना आणि सर्वांत कुचकामी उपाय. अमेरिकेच्या १९९८ च्या ‘कोप्पा’ कायद्याने १३ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा करण्यास मनाई केली. पुढे १३ हा आकडा रूढ झाला, आणि खोटे जन्मवर्ष टाकण्याची सवयही. आता ओळखपत्राचा फोटो मागतात किंवा कॅमेऱ्यात चेहरा पाहून वयाचा अंदाज बांधतात. अंदाज नेमका सतरा-अठराच्या सीमेवर चुकतो, आणि ओळखपत्रे साठली की ती फुटतात : ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपच्या सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या ओळखपत्रांची छायाचित्रे उघड झाल्याची शक्यता कंपनीनेच सांगितली. नाव न कळवता फक्त ‘१८ पूर्ण’ एवढेच सांगणारी सांकेतिक प्रमाणपत्रे त्यामानाने बरी. पण ज्याच्याकडे कागदच नाहीत, त्याला तीही मिळत नाहीत.

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ‘रेनो’ खटल्यात इंटरनेटवरील असभ्य मजकुरावरचे निर्बंध रद्द केले. मुलांना जपताना प्रौढांचे बोलणे दडपता येणार नाही, असा त्याचा रोख होता. जून २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने टेक्सासची अश्लील संकेतस्थळांवरील वयपडताळणी ६ विरुद्ध ३ मतांनी उचलून धरली. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली. तेथे कंपनीला केवळ सरकारी ओळखपत्रावर अडून बसता येत नाही, दुसरा पर्याय द्यावाच लागतो. ही तरतूद इतरांनी उचलण्याजोगी आहे.

या वादात एक गोष्ट हटकून मागे पडते : मुलांनाही हक्क आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत संरक्षणासोबतच अभिव्यक्ती (कलम १३) आणि खासगीपणा (कलम १६) यांचीही हमी आहे. घरातच छळ सोसणाऱ्या मुलीला मदत शोधण्याआधी पालकांची परवानगी काढायला लावणे, याला संरक्षण म्हणणे अवघड आहे.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात मूल म्हणजे १८ वर्षांखालील प्रत्येक जण. मुलांचा माग काढण्यास व त्यांना हेरून जाहिराती दाखवण्यास त्यात मनाई आहे, ही जमेची बाजू. मात्र सतरा वर्षांच्या मुलाची माहिती वापरायलाही, काही अपवाद सोडता, पालकांची पडताळलेली संमती लागते. २०२५ च्या नियमांनुसार तपासायचे ते एवढेच, की संमती देणारी व्यक्ती ओळख पटण्याजोगी आणि प्रौढ आहे. ती त्याच मुलाची पालक आहे की शेजारचा दादा, हे त्यातून कळत नाही.