सिंधूच्या गाण्यामागची सुंदराबाई

गाण्यातल्या विस्मृतीत गेलेल्या बायकांवर नाटकं यायला लागलीयेत, छानच आहे. पण आपल्याकडे ही गोष्ट जरा उलटी आहे. त्यांचं गाणं रंगभूमीवर कधीच येऊन बसलं होतं, फक्त त्या स्वतः विंगेबाहेर राहिल्या.

'एकच प्याला' घ्या. नाटककार राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि महिन्याभरात बडोद्याला नाटकाचा पहिला प्रयोग झाला. पदं वि. सी. गुर्जरांची, नायिका सिंधूची भूमिका बालगंधर्वांची, हे सगळ्यांना पाठ. 'कशी या त्यजू पदाला' ची चाल कुणाची विचारलं की मात्र गप्प! चाली पुण्याच्या सुंदराबाई जाधवांच्या, ठुमरी, गझल, लावणी सगळं गळ्यात असलेली बाई, आणि ते बैठकीतलं गाणं बालगंधर्वांच्या गळ्यातून सोज्वळ सिंधूचं झालं, मग घराघरांत लोक ते बिनदिक्कत गुणगुणायला लागले. जिच्या बैठकीला घरंदाज बायका जाणं शक्यच नव्हतं तिच्याच चाली हो.

हे असं का झालं ते १८८० च्या 'संगीत शाकुंतल'पासून दिसतं. किर्लोस्करांच्या कंपनीत बायकांची कामं पुरुषच करायचे, आधी भाऊराव कोल्हटकर, मग बालगंधर्व. गाणं हा ज्यांचा पेशा होता त्या बायका स्टेजवर आल्या तर नाटकाची अब्रू जाईल अशी भीती. हिराबाई बडोदेकरांनी १९२९ ला बहिणींना घेऊन स्वतःची नाटक कंपनी काढली, १९३३ ला 'आंधळ्यांची शाळा' नाटकात ज्योत्स्ना भोळे आल्या, तेव्हा कुठे चित्र बदललं.

सुंदराबाई तशा अगदी गायब नाही झाल्या. त्यांच्या रेकॉर्डी निघाल्या, १९३९ च्या प्रभातच्या 'माणूस' सिनेमात शाहू मोडकांची आई त्याच. बालगंधर्वांवर २०११ ला मोठा सिनेमा आला, सुंदराबाईंवरचं नाटक मी तरी बघितलेलं नाही.

बाहेर बघितलं तर कलकत्त्याची गायिका गौहरजान, तिच्यावर महेश दत्तानींनी 'गौहर' हे नाटक लिहिलं, लिलेट दुबेंनी बसवलं, त्यात तरुण गौहर राजेश्वरी सचदेव आणि उतारवयातली झिला खान. (बालगंधर्वांच्या पत्नी गोहरबाई कर्नाटकी वेगळ्या हं, लोक हमखास घोळ घालतात.) गौहरजानचं पहिलं रेकॉर्डिंग नोव्हेंबर १९०२, कलकत्ता. गाणं संपलं की ती इंग्रजीत ठणकावून सांगते, 'माय नेम इज गौहरजान'. तबकड्या जर्मनीत दाबल्या जायच्या, तिथल्या लोकांना लेबलवर काय छापायचं ते कळावं म्हणून ही सोय. नाटकवाल्यांना आयता डायलॉगच मिळाला म्हणायचा.

सुंदराबाईंच्या रेकॉर्डी यूट्यूबवर शोधून बघा, मग सिंधूचं पद ऐका, याच क्रमाने.