तोल सावरणे (वार्धक्यातील)

पाय अडखळला, घसरला किंवा बाजूने धक्का बसला, की जमिनीवर आदळण्याआधी शरीर पुन्हा पायांवर आणण्याची क्रिया म्हणजे तोल सावरणे. तोल तरुणांचाही जातो. पऱ्हाटीच्या खुंटात पाय अडकतो, उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीत टाच रुतते, पावसात पांदणीच्या चिखलात चप्पल मागेच राहते. पंचविशीतला माणूस अशा वेळी दोन लांब पावले टाकून पुढे निघतो आणि घरी पोचेपर्यंत ते विसरतोही. सत्तरीतला त्याच जागी पडतो. दोघांतला फरक ठरतो तो तोल गेल्यानंतरच्या जेमतेम एका सेकंदात.

हलका झोक गेला तर घोट्याभोवतीचे स्नायू शरीर मागे ओढून घेतात, थोडा मोठा गेला तर कमरेतून वाकून तोल साधला जातो. त्याहून मोठ्या धक्क्याला एकच उपाय उरतो, तो म्हणजे पाऊल टाकणे. पहिली आपोआप प्रतिक्रिया साधारण १०० मिलिसेकंदांत, विचार करण्यापूर्वीच सुरू होते. ठेच लागली की दोन कामे एकाच वेळी व्हावी लागतात: जमिनीवरचा पाय रेटा देऊन पुढे कलंडणारे धड थोपवतो आणि अडखळलेला पाय झपाट्याने पुढे जाऊन टेकतो. हे पाऊल आखूड पडले तर धड पायांच्या पुढेच राहते आणि दुसरे, तिसरे पाऊल टाकूनही सावरता येत नाही. म्हातारपणी नेमके हेच होते. बाजूला जाणारा तोल तर आणखी अवघड. धानाच्या बांधीच्या अरुंद धुऱ्यावर पाय घसरला, की कुल्ल्याच्या बाहेरच्या स्नायूंना पाय झटकन बाजूला टाकावा लागतो. ते जमले नाही तर माणूस थेट खुब्यावर आदळतो, आणि खुब्याचे हाड मोडण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

स्नायूंच्या वयोमानाप्रमाणे होणाऱ्या झिजेला १९८९ पासून ‘सार्कोपेनिया’ म्हणतात. तिशीनंतर दर दशकात साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतो आणि साठीनंतर हा वेग वाढतो. स्नायूच्या आकारापेक्षा ताकद लवकर उतरते आणि ताकदीपेक्षाही लवकर उतरतो तो जोर झटक्यात लावण्याचा वेग. स्नायूत हळू चालणारे, न थकणारे तंतू असतात आणि वेगवान, लवकर थकणारेही असतात. वयाबरोबर मुख्यतः वेगवान तंतू बारीक होतात. त्यांना चालवणाऱ्या मज्जारज्जूतील पेशी मरतात, काही तंतूंना शेजारच्या हळू पेशी आपल्याकडे ओढून घेतात, उरलेले सुकतात. म्हणूनच मैलभर सहज चालणारा म्हातारा घराच्या उंबरठ्यावर पडू शकतो.

शेतात राबलेल्यांचे पाय मरेपर्यंत मजबूत राहतात, हा गावातला समज अर्धाच खरा आहे. निंदण करताना तासन्तास उकिडवे बसणे, डोक्यावर भारा घेऊन चालणे यांनी दम आणि सांध्यांची लवचिकता टिकते. पण ही कामे संथ लयीची असल्याने वेगवान तंतूंना त्यांत फारसा वाव नसतो. शिवाय काम थांबते ते एकदम. वावर मुलाच्या हाती गेले, की ‘बा, तुम्ही आता बसा’ म्हणून ओसरीवर बाज टाकून दिली जाते. हा मान पायांना मानवत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू गेला. तापाने किंवा मोडलेल्या हाताने पडून राहिलेला माणूस महिनाभराने पुन्हा पडतो, यात नवल नाही.

स्नायूंना खबर देणारी यंत्रणाही मंदावते: मोतीबिंदू, कानातील तोलाचे इंद्रिय, मधुमेहाने बधिर झालेले तळपाय. विदर्भाच्या उन्हाळ्याची यात भर पडते. पारा ४५ अंशांवर गेलेल्या दिवसात पाणी कमी पडले आणि रक्तदाबाची गोळी चालू असली, तर अंगणातल्या बाजेवरून रात्री लघवीसाठी झटकन उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी काठावर बसावे, पाय हलवावेत, मग उभे राहावे.

पायांची ताकद घरीही अजमावता येते. भिंतीला टेकलेल्या खुर्चीतून हात छातीशी बांधून पाच वेळा उठबस करायला १५ सेकंदांहून जास्त वेळ लागला, तर ताकद कमी झाली असे समजतात.

गेलेली ताकद बऱ्याच अंशी परत येते, आणि या विषयातली सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट हीच आहे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या अशक्त वृद्धांनी आठ आठवडे पायांनी वजन उचलले, तेव्हा त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. अनेक वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१९ च्या कॉक्रेन समीक्षेनुसार व्यायामाने पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटते. नुसते चालणे त्याला पुरेसे नाही. खुर्चीतून झटकन उठून सावकाश बसणे, टाचा उचलणे, खांबाला हात लावून एका पायावर उभे राहणे, पुढे आणि बाजूला चपळ पाऊल टाकणे हे आठवड्यातून किमान तीन दिवस हवे. प्रयोगशाळेत तर वृद्धांना दोरखंडाने वर बांधून मुद्दाम घसरवतात. काही घसरणींतच शरीर सावरणे शिकते आणि ते महिनोन्‌महिने टिकते. हा प्रकार घरी करू नये.

स्नायूला प्रथिनेही लागतात. राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅमची असली, तरी वृद्धांसाठी अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. दात गेले की ताटात भाकरीचा काला आणि वरणाचे पाणी उरते. तुरीचे घट्ट वरण, दही, अंडे आधी सुटते.

काठी कमजोर पायाच्या विरुद्ध हातात धरावी, आणि सरळ उभे राहिल्यावर तिची मूठ मनगटाच्या उंचीला यावी. गावात घरच्या घरी तोडलेल्या काठ्या सहसा याहून लांब असतात आणि त्यांच्या टोकाला रबर नसते. मातीत ते चालते, न्हाणीच्या ओल्या फरशीवर मात्र आधी काठीच घसरते.