ओढ्याचं पाणी तपासायला आणताय? बाटली भरण्याआधी हे वाचा

पावसाळा ओसरला की आमच्या परभणीच्या प्रयोगशाळेत कोणी ना कोणी पाण्याची बाटली टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, “आमचा ओढा चांगला आहे का, तेवढं सांगा.” बाटली बहुधा कोल्ड्रिंकची असते. पाणी काल-परवा भरलेलं असतं, कधी एसटीच्या पार्सलनं आलेलं असतं. अशी बाटली आम्ही घेत नाही. लांबून आलेल्या माणसाचा हेलपाटा होतो, त्याचं आम्हालाही वाईट वाटतं. पण त्या पाण्यावर अहवाल लिहिला तर तो तुमच्या ओढ्याला लागू पडणार नाही, आणि पैसे मात्र तुमचे गेलेले असतील.

विहीर, बोअर आणि नळाच्या पाण्यासाठी आमचं वेगळं पत्रक आहे. पिण्याच्या पाण्याचा पीएच ६.५ ते ८.५ हवा, नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, हे आता बऱ्याच ग्रामपंचायतींत माहीत असतं. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या महिला किटवर पाणी तपासतातही. ओढ्याचा प्रश्न निराळा. त्यात मासा तगेल का, जनावरांना पाजावं का, वरच्या अंगानं कोणी काही सोडतंय का, हे तुम्हाला हवं असतं. ते सांगायला ताजं पाणी लागतं आणि त्या पाण्यात राहणारे जीव लागतात.

बाटलीत पाणी बदलतं

ओढ्यात सगळ्यात आधी पाहायचा तो विरघळलेला ऑक्सिजन. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठीच्या पाण्यात तो लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम हवा, आंघोळीच्या पाण्यात ५. पाणी २५ अंशांवर असेल तर आपल्या भागात हवेतून त्यात फार तर आठेक मिलिग्रॅम मावतो. म्हणजे चांगल्या आणि वाईट ओढ्यातलं अंतरच तीन-चार मिलिग्रॅमचं आहे.

आता बाटलीचं बघा. अर्धी भरलेली बाटली गाडीवर हिंदकळत आली की हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळतो आणि घाण पाणी पास होतं. काठोकाठ भरून डिकीच्या उन्हात ठेवली, तर आतले जिवाणू होता तो ऑक्सिजन संपवतात आणि चांगलं पाणी नापास होतं. कोल्ड्रिंकच्या बाटलीला साखरेचा अंश राहतो, काही पेयांत फॉस्फोरिक आम्लही असतं. मग बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) वाढलेला दिसतो, फॉस्फेट वाढलेलं दिसतं, आणि गावात विनाकारण कोणावर तरी बोट ठेवलं जातं. दोनदा विसळून घेतली म्हणून हे टळत नाही. जिवाणूंच्या तपासणीला तर निर्जंतुक बाटलीच लागते. ती बर्फात ठेवून त्याच दिवशी यायला हवी. २४ तासांपुढचा नमुना आम्ही घेतच नाही.

म्हणून ऑक्सिजन आम्ही काठावरच धरतो. पद्धत जुनी आहे, हंगेरीच्या विंकलरनं १८८८ मध्ये दिलेली, आणि आजही खात्रीची. काचेच्या बुचाची ३०० मिलिलिटरची बाटली पाण्याखाली बुडबुडा न राहू देता भरायची आणि लगेच मँगनीज सल्फेट व अल्कली-आयोडाइडची द्रावणं सोडायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो. अजिबात नसेल तर साका पांढराच राहतो. हे तुमच्या डोळ्यांदेखत होतं, त्याला मशीन लागत नाही. नेमका आकडा त्याच दिवशी प्रयोगशाळेत काढतो. तापमान आणि पीएचही काठावरच मोजायचं असतं.

नमुना कधी भरला, हेही तितकंच महत्त्वाचं. हिरवं शेवाळ माजलेल्या ओढ्यात दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे दुपारी आकडा झकास येतो. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन वापरतं आणि पहाटे तो तळाला जातो. मासे मरतात ते बहुधा पहाटे. लोक पाणी भरतात दुपारी, आणि अहवाल बघून म्हणतात की प्रयोगशाळेनं काहीच सांगितलं नाही. मासे मेल्याचं दिसलं की पहाटेच फोन करा. दुपारपर्यंत थांबू नका.

दगडाखाली काय आहे

बाटली त्या घटकेचं सांगते. रात्री कोणी मळी सोडली आणि सकाळपर्यंत ती वाहून गेली, तर दुपारच्या बाटलीत काही सापडणार नाही. तळातल्या दगडाला धरून राहिलेला किडा मात्र कुठं जात नाही. आठवडे-महिने त्यानं जे सोसलं, ते त्याच्या असण्या-नसण्यात दिसतं. आमच्या कामाचा हा भाग आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि लोक सगळ्यात आधी हाच नको म्हणतात.

पाणी जिथं दगडगोट्यांवरून खळखळतं तिथं आम्ही बारीक जाळी धरतो, तिच्या वरच्या अंगाला पायानं तळ ढवळतो, आणि जाळीत आलेलं सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओततो. मेफ्लाय नावाच्या उडत्या किड्याची पिल्लं पोटाच्या दोन्ही बाजूंच्या कल्ल्यांवरून आणि मागच्या बहुधा तीन शेपट्यांवरून ओळखू येतात. कॅडिसफ्लाय या पतंगासारख्या किड्याच्या काही अळ्या वाळूचे कण चिकटवून घर करतात, काही दगडांच्या सापटीत जाळं विणतात. चतुराची पिल्लं असतात, शिंपले, गोगलगाई, खेकडे, जळवा असतात. रक्तासारखी लाल अळीही असते. ती डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माशीची. तिच्या अंगात हिमोग्लोबिन असल्यानं ती कमी ऑक्सिजनच्या गाळातही तग धरते. चार लाल अळ्या दिसल्या म्हणून घाबरू नका. ट्रेमध्ये फक्त त्याच असतील, तेव्हा काळजी करा.

प्रत्येक कुळाला १ ते १० गुण असतात. नाजूक जीवांना जास्त, घाणीत तगणाऱ्यांना कमी. मूळ पद्धत ब्रिटनमधली, १९७० च्या दशकातली. आपल्या केंद्रीय मंडळानं तिच्या आधारानं स्वच्छपासून अतिप्रदूषितपर्यंत पाच वर्ग केले आहेत. तुमच्या अहवालात वर्ग असतो, सापडलेल्या जीवांची मराठीत यादी असते आणि फोटो असतात. मोजून झालं की बहुतेक जीव आम्ही तिथंच पाण्यात सोडतो. ओळख पटत नाही असे थोडेच अल्कोहोलमध्ये घालून आणतो.

“पण आमच्या ओढ्यात मासे आहेत की!” हे आम्ही नेहमी ऐकतो. कोणते, ते पाहा. गप्पी आरोग्य खातं डासांसाठी सोडतं, आणि ते पाण्याच्या अगदी वरच्या थरातला ऑक्सिजन घेऊन जगतात. मरळ तर थेट हवेत श्वास घेतो. हे दोघं आहेत म्हणून पाणी चांगलं, असं धरता येत नाही.

या तपासणीनं तुमचे पैसेही वाचतात. कीटकनाशकांची चाचणी महाग असते आणि बरेच जण पहिल्या झटक्यात तीच मागतात. आधी ट्रे बघू द्या. ऑक्सिजन ठीक, बीओडी ठीक, गोगलगाई आहेत, पण मेफ्लाय आणि चतुराची पिल्लं नाहीत, असं चित्र आलं तर फवारणीच्या औषधाचा संशय घ्यायचा आणि मग ती चाचणी करायची. कापसावर, सोयाबीनवर मारायची पायरेथ्रॉइड गटाची औषधं पाण्यातल्या किड्यांना अगदी थोड्या मात्रेतही मारतात. फवारणीचा पंप ओढ्यात धुवू नका, हे आम्ही प्रत्येक अहवालाच्या तळाशी छापतो.

जेसीबी लावून खोल-रुंद केलेल्या ओढ्यात पाणी चांगलं असूनही जीव कमी सापडू शकतात, कारण त्यांना बसायला दगडगोटेच उरलेले नसतात. वाळू उपसलेल्या जागीही तेच. ही गोष्ट प्रदूषणाच्या खात्यात जाऊ नये म्हणून आम्ही संशयाच्या जागेच्या वर एक आणि खाली एक, असे दोन नमुने घेतोच. “एकाच जागेचे घ्या, दर कमी करा” असा आग्रह कृपया धरू नका. एका जागेच्या आकड्यांवरून कोणालाही दोषी धरता येत नाही, आणि तक्रार करायची असेल तर असा अहवाल टिकत नाही.

कधी बोलवायचं

आपले ओढे बारमाही नाहीत. ऑक्टोबर ते जानेवारी, पाणी वाहतं आहे तोवर बोलवा. मोठा पाऊस झाला की जीव वाहून जातात, त्यानंतर दोन-तीन आठवडे थांबा. मार्चनंतर नुसते डोह उरतात. त्यांत वेगळे जीव राहतात आणि त्यांचे गुण वाहत्या पाण्याच्या गुणांशी ताडून बघता येत नाहीत. दुधना-पूर्णेच्या काठच्या गावांनी दिवाळीच्या आसपास एक तपासणी करून ठेवली, तर पुढं काही बिघडल्यावर ताडून पाहायला आधार असतो. शाळा-कॉलेजांना जाळी आणि ट्रे आम्ही दोन दिवसांसाठी अनामत घेऊन देतो. ओळखण्याचा तक्ता मोफत.

स्वतः नमुना आणायचा असेल तर आदल्या दिवशी बाटल्या आमच्याकडून न्या, त्यांचे पैसे नाहीत. निर्जंतुक बाटलीचं झाकण पाणी भरतानाच उघडा. प्रवाहाच्या मध्याकडे, तोंड वरच्या अंगाला करून भरा आणि वेळ लिहा. ऑक्सिजन आणि जीवांसाठी मात्र आम्हालाच यावं लागतं.

बीओडी २७ अंशांवर तीन दिवस ठेवावा लागतो आणि जिवाणूंचे निकाल ४८ तासांपर्यंत पाहावे लागतात, म्हणून अहवाल यायला पाचेक दिवस लागतात. रविवारी प्रयोगशाळा बंद असते. गुरुवारी लावलेला बीओडी आणि शुक्रवारी लावलेले जिवाणू नेमके रविवारी बघायला येतात, तर शनिवारचे जिवाणू पहिल्या २४ तासांनी. त्यामुळे ओढ्याचे नमुने आम्ही सोमवार, मंगळवार आणि बुधवार एवढेच दिवस घेतो, दुपारी चारपर्यंत. दरपत्रक सोबत जोडलं आहे.