मॉडेलच्या फोटोवर वॉटरमार्क: नाव मागून पुढे कसं आलं

रविवारी पहाटे नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गेलं की तीन-चार शूट तरी चालू असतातच, कुणाचं प्रीवेडिंग, कुणाचा पोर्टफोलिओ, एखादी मुलगी आईची पैठणी नेसून आलेली आणि रिफ्लेक्टर धरायला धाकटा भाऊ. आठवड्याने फोटो हातात येतात आणि मग वाद ठरलेला. फोटोग्राफर म्हणतो मेहनत माझी आहे, नाव राहू दे. मॉडेल म्हणते चेहरा माझा आहे, त्यावर तुमचा लोगो कशाला? मी स्वतः बरीच वर्षं कॅमेरा धरतोय आणि माझ्या मावसबहिणीची मुलगी मॉडेलिंग करते, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकून घ्यावं लागतं. म्हणून हे सगळं आलं कुठून ते एकदा नीट लिहितोय.

फोटोवर टाकलेल्या अशा नावाला किंवा लोगोला वॉटरमार्क म्हणतात, पण हा शब्द मुळात कागदाचा. इटलीतल्या फाब्रियानो गावात १२८२ च्या सुमाराला कागद बनवणाऱ्यांनी जाळीवर तारेची आकृती बसवायला सुरुवात केली, तिथे लगदा पातळ बसतो आणि कागद उजेडात धरला की खूण दिसते. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. नाशिकरोडला १९२५ मध्ये सिक्युरिटी प्रेस आली (त्याआधी आपली पोस्टाची तिकिटं लंडनहून छापून यायची), १९२८ मध्ये नोट प्रेस सुरू झाली आणि पाच रुपयांची नोट तिथे छापली जायला लागली. प्रेसमध्ये नोकरीला असलेला एकतरी माणूस आपल्या प्रत्येकाच्या नात्यात सापडतो. आता नोट उजेडात धरून बघा, गांधीजी दिसतात, पण खाली ठेवली की नोट वाचायला कुठे अडत नाही. खूण आहे पण मधे येत नाही. माझ्या डोक्यात चांगल्या वॉटरमार्कची व्याख्या हीच आहे.

फोटोत नाव आलं ते आधी मागच्या बाजूला. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरी या फोटोग्राफरने एकाच काचेवर आठ छोटे फोटो घ्यायचं पेटंट काढलं, फोटो स्वस्त झाले, पुठ्ठ्यावर चिकटवून लोक एकमेकांना वाटायला लागले आणि त्या पुठ्ठ्याच्या पाठीवर स्टुडिओचं नाव, पत्ता आणि खूपदा 'नेगेटिव्ह जपून ठेवली आहे, कॉपी केव्हाही मिळेल' अशा अर्थाची ओळ असायची. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंनी हीच पद्धत चालवली. मेनरोडला किंवा रविवार कारंज्याकडे लग्नाआधी दाखवायचा फोटो काढून घेतलेल्या कुणालाही विचारा, फोटोच्या मागे शिक्का आणि नेगेटिव्हचा नंबर, आणि आणखी कॉपी हवी तर परत तिथेच जायचं. नेगेटिव्ह स्टुडिओच्या कपाटात होती तोवर फोटोग्राफरला समोरच्या बाजूला नाव टाकायची गरजच नव्हती.

पण ज्यांचे फोटो भरपूर विकले जायचे त्यांना ही सोय पुरली नाही. सॅम्युअल बॉर्न हा इंग्रज फोटोग्राफर १८६३ मध्ये भारतात आला, तो नाव आणि नंबर नेगेटिव्हवरच लिहायचा, म्हणजे प्रिंट कुठेही गेली तरी कोपऱ्यात ते बारीक अक्षर येणारच. राजा दीनदयाळ यांच्या प्रिंटवरही तशी अक्षरं सापडतात, त्यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ काढला होता.

सगळ्यात महत्त्वाची केस मात्र अमेरिकेतली आणि ती थेट आपल्या विषयावरची आहे. १८८२ मध्ये न्यूयॉर्कचा फोटोग्राफर नेपोलियन सॅरोनी याने लेखक ऑस्कर वाइल्डचे फोटो काढले, त्यातल्या एकाच्या एका लिथोग्राफ कंपनीने न विचारता ८५,००० कॉप्या छापल्या. कोर्टात कंपनीचं म्हणणं काय, तर फोटो मशीन काढतं, त्याला निर्माता कसला? आणि दुसरं, फोटोवर नुसतं 'एन. सॅरोनी' लिहिलंय, पूर्ण नाव नाही, म्हणून हक्काची नोंद अपुरी. १८८४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने दोन्ही मुद्दे फेटाळले. पोझ, कपडे, पडदे, उजेड-सावली हे सगळं सॅरोनीने ठरवलं म्हणून फोटो त्याची निर्मिती, आणि आद्याक्षर अधिक आडनाव पुरेसं. म्हणजे फोटोवरचं नाव हक्कासाठी पुरतं की नाही हा वाद एकशे चाळीस वर्षं जुना आहे. अमेरिकेत कॉपीराइटची अशी नोंद छापणं १९८९ पर्यंत लागायचं. आपल्याकडे तसं नाही, फोटो काढला की हक्क तयार, नाव टाका नाहीतर नका टाकू.

मग हक्क कुणाचा? इथे आपल्याकडच्या बऱ्याच फोटोग्राफर मंडळींचा घोळ होतो. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की कुणी पैसे देऊन स्वतःसाठी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल तर पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणजे मुलीने पैसे मोजून पोर्टफोलिओ करून घेतला तर कॉपीराइट तिचा, आणि कुणीच कुणाला पैसे दिले नाहीत, दोघांनी मिळून सरावासाठी शूट केलं, तर साधारणपणे फोटोग्राफरचा. मात्र कलम ५७ प्रमाणे 'हे काम माझं आहे' असं म्हणायचा हक्क फोटो काढणाऱ्याकडे राहतोच, मालकी दुसऱ्याची असली तरी. मालकी आणि नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी भांडणं तिथेच संपतात असा माझा अनुभव.

नाव चेहऱ्यावर चढलं ते डिजिटलमुळे. नेगेटिव्ह गेली, फाइल आली, फाइलची कॉपी म्हणजे परत मूळ फाइलच. १९९६ च्या फोटोशॉपमध्ये न दिसणारा डिजिटल वॉटरमार्क टाकायची सोय आली होती, फाइलच्या आत नाव लिहायचीही सोय होती, पण सोशल मीडियावर टाकताना ती माहिती बऱ्याचदा पुसली जाते, मग लोकांनी लोगो मोठा करत करत मधोमध आणला. माझा स्वतःचा एक फोटो शहरातल्या एका बुटीकने कोपरा कापून फ्लेक्सवर लावला होता, तीन दिवस मी त्या चौकातून जाताना बघत होतो, त्यामुळे हा राग मला कळतो, अगदी आतून कळतो. पण लोगो मोठा करून काम होत नाही हेही खरं, २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी दाखवलं की एकच वॉटरमार्क शेकडो फोटोंवर असेल तर कॉम्प्युटर तो ओळखून आपोआप काढू शकतो, आणि आता तर एआयने मोबाइलवरही जमतं. त्यापेक्षा कायद्यातला उपाय बरा, २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ब आलं, हक्काची माहिती जाणूनबुजून काढली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

आणि नुकसान कुणाचं होतं बघा. माझ्या भाचीने मुंबईच्या एका कास्टिंगला फोटो पाठवले, पदरावर आडवा एवढा मोठा लोगो, तिकडून उत्तर आलं की क्लीन फोटो पाठवा, इकडे फोटोग्राफर फोन उचलेना. ती संधी गेली. ज्या अंगावर, ज्या चेहऱ्यावर काम मिळायचं तिथेच दुसऱ्याचं नाव, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

मी आता शूटच्या आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून टाकतो: कास्टिंगसाठी क्लीन सेट मिळेल, पोस्ट करायच्या सेटवर खाली कोपऱ्यात बारीक नाव असेल, ते कापायचं नाही आणि कॅप्शनमध्ये मला टॅग करायचं. समोरून 'ओके सर' आलं की त्याचा स्क्रीनशॉट त्याच शूटच्या फोल्डरमध्ये ठेवतो, पूर्वी पाकिटावर नेगेटिव्हचा नंबर लिहून ठेवायचे तसा.