व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमधले कंडेन्सर बदलताना

ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होऊ लागल्यापासून त्यांच्या माळ्यांवरून बऱ्याच विसरलेल्या वस्तू खाली येत आहेत. माझ्याकडचा व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा, स्टिरिओ ॲम्प्लिफायर असाच एका नातेवाइकांच्या माळ्यावरून आला. त्यात प्रत्येक चॅनेलला स्पीकर चालवणारा एक ईएल८४, त्याआधी बारीक संकेत मोठा करणारा ईसीसी८३ आणि वीजपुरवठ्यासाठी ईझेड८१ हा रेक्टिफायर, म्हणजे एसीचे डीसी करणारा, व्हॉल्व्ह आहे. आवाज येत होता. परंतु त्यामागे सतत घरघर होती आणि उजव्या बाजूचा तबला कोंदट वाटत होता. अशा वेळी जाणकार मंडळी सगळे कंडेन्सर (विद्युतभार साठवणारे भाग, म्हणजेच कपॅसिटर) बदलून टाकण्याचा सल्ला देतात. सल्ला योग्यच आहे, पण त्यामागची खरी कारणे समजून घ्यायला हवीत.

आधी घरघरीकडे पाहू. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची असते आणि दोन्ही अर्धलहरी सरळ केल्या की १०० हर्ट्झचे ठोके मिळतात. हे ठोके सपाट करण्याचे काम मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर करतात. ५० मायक्रोफॅरड धारकतेच्या कंडेन्सरमधून १०० मिलिअँपिअर प्रवाह घेतला, तर दोन ठोक्यांच्या मधल्या काळात व्होल्टेज सुमारे २० व्होल्टने खाली येते. कंडेन्सरची धारकता निम्मी झाली की हाच चढउतार ४० व्होल्टच्या घरात जातो. इलेक्ट्रोलिटिकमध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि त्याला ओलसर द्रावणाची साथ लागते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हे द्रावण सुकत जाते. तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते, असा कारागिरांचा आणि उत्पादकांचाही ढोबळ हिशेब आहे; व्हॉल्व्हच्या शेजारी उभ्या केलेल्या कंडेन्सरची अवस्था त्यावरून ओळखावी.

मग ५० च्या जागी २२० मायक्रोफॅरड का बसवू नये, असा मोह प्रत्येकाला होतो. अर्धवाहक डायोडवर ते कदाचित चालून जाईल, पण ईझेड८१ पुढच्या पहिल्या कंडेन्सरसाठी ५० मायक्रोफॅरड ही कमाल मर्यादा दिलेली आहे. कंडेन्सर मोठा झाला की तो भरून घेण्यासाठी रेक्टिफायरमधून क्षणभर फार मोठा प्रवाह वाहतो आणि तो व्हॉल्व्ह लवकर मरतो.

खरी गंमत मात्र दोन व्हॉल्व्हच्या मधल्या छोट्या कपलिंग कंडेन्सरची आहे. आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर (प्रवाह गोळा करणाऱ्या पत्र्यावर) दीड-दोनशे व्होल्टचा स्थिर दाब असतो. तो अडवून त्यावर स्वार झालेले संगीत तेवढे पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे, म्हणजे प्रवाहावर ताबा ठेवणाऱ्या जाळीकडे, सोडायचे, हे त्याचे काम. जुने कपलिंग कंडेन्सर मेणात बुडवलेल्या कागदाचे असत आणि खाडीकाठच्या शहरातले पन्नास पावसाळे काढल्यावर त्या कागदात ओल शिरलेली नसेल, तरच नवल. समजा, २०० व्होल्टला त्यातून २ मायक्रोअँपिअर गळती होते. म्हणजे त्याचा रोध १०० मेगाओहम झाला, जो आपल्या हातातला साधा मल्टिमीटर बहुधा "ओपन" म्हणूनच दाखवेल आणि आपण कंडेन्सर चांगला समजून पुढे जाऊ. प्रत्यक्षात ग्रिडवरच्या ४७० किलोओहम रेझिस्टरमध्ये या गळतीमुळे जवळजवळ १ व्होल्ट तयार होतो. ईएल८४ ला २५० व्होल्टवर ग्रिड सुमारे ७.३ व्होल्ट ऋण लागते. तेव्हा त्यातून ४८ मिलिअँपिअर वाहतात आणि प्लेटवर १२ वॅट खर्च होतात, जी त्याची कमाल मर्यादाच आहे. ग्रिड १ व्होल्टने वर सरकली, तर प्रवाह ११ मिलिअँपिअरने वाढू पाहतो. कॅथोडच्या (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाच्या) रेझिस्टरमुळे यातली निम्म्याहून अधिक वाढ आपोआप आवरली जाते, तरीही व्हॉल्व्ह मर्यादेपलीकडे तापतो, लहरीची एक बाजू दुसरीच्या आधी छाटली जाते आणि जादा स्थिर प्रवाहाने आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा गाभा संपृक्ततेकडे ढकलला गेल्यामुळे खर्ज मरगळतो. माझ्या उजव्या चॅनेलचा कोंदटपणा इथूनच आला होता.

ही गळती पकडायची, तर ईएल८४ काढून ठेवून त्याच्या ग्रिडच्या पिनेवर डीसी व्होल्ट मोजावेत. शून्याऐवजी धन आकडा दिसला, तर दोष कंडेन्सरचा. हे करताना ॲम्प्लिफायर चालू असतो, म्हणून एक हात खिशात ठेवण्याची जुनी शिस्त पाळावी. बंद केल्यावरही ३०० व्होल्टला भरलेल्या ५० मायक्रोफॅरडमध्ये सव्वादोन ज्यूल ऊर्जा शिल्लक असते. डाख सोडवण्याआधी १० किलोओहमच्या जाड रेझिस्टरमधून ती रिकामी करावी आणि मीटरने खात्री करून घ्यावी.

ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले की लॅमिंग्टन रोडवर कंडेन्सरची सगळी जातकुळी मिळते. पॉलिप्रॉपिलिनमध्ये ऊर्जेचा अपव्यय पॉलिएस्टरपेक्षा कितीतरी कमी होतो आणि मागच्या विद्युतभाराची "आठवण"ही ते कमी ठेवते, म्हणून कपलिंगसाठी माझी निवड तीच असते. आकडा मात्र मूळचाच ठेवावा. ०.१ मायक्रोफॅरड आणि ४७० किलोओहम ही जोडी ३.४ हर्ट्झपर्यंतचा स्वर सोडते, तर माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून ऐकतो. त्याऐवजी १ मायक्रोफॅरड घातल्याने खर्ज वाढत नाही. उलट काही ॲम्प्लिफायर त्यामुळे बोटीच्या इंजिनासारखे फटफटू लागतात.

तांब्याच्या किंवा चांदीच्या पत्र्याचे, काही हजार रुपयांचे कंडेन्सरही विकले जातात. मी डाव्या चॅनेलला साधे पॉलिप्रॉपिलिन आणि उजव्याला उसने आणलेले एक महागडे बसवले, मोनो रेकॉर्ड लावली, दोन्हीकडची पातळी मीटरने जुळवली आणि एकच स्पीकर आळीपाळीने दोन्ही चॅनेलना जोडण्याचे काम मुलीवर सोपवून पाठ फिरवून बसलो. दहापैकी सहा वेळा मी बरोबर ओळखले आणि चार वेळा चुकलो. महागडा कंडेन्सर दुसऱ्या दिवशी परत केला.