डब्यातला जांभळा, भिंतीवरचा जांभळा

गेल्या दिवाळीआधी नागपूरच्या घरी आईची खोली रंगवायला काढली. शेड कार्डावर आईने बोट ठेवलं ते मंद जांभळ्यावर. रुमालावर पडलेला जांभळाचा डाग चार धुण्यांत विटतो ना, तशी छटा. पहिला हात वाळला तेव्हा दुपार होती आणि भिंत अगदी हवी तशी दिसत होती. संध्याकाळी पिवळट बल्ब लावला, तर तीच भिंत मातकट! आईचा चेहराच उतरला. पेंटरभाऊ म्हणाले, "रंग तोच आहे जी ताई, उजेड बदलला."

ते अक्षरशः खरं बोलले. इंद्रधनुष्याच्या टोकाचा जांभळा म्हणजे साधारण ४०० नॅनोमीटर लहरलांबीचा प्रकाश. भिंतीवरचा जांभळा तसा नसतो. त्यातलं रंगद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश परत पाठवतं, मधला हिरवा-पिवळा गिळतं, आणि या जोडीला आपला मेंदू जांभळा म्हणतो. मंद छटेत टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा बेस भरपूर आणि रंगद्रव्य थोडं, म्हणून हिरवा-पिवळाही बराचसा परत येतो. असा रंग राखाडीच्या उंबरठ्यावर उभा असतो. भडक लाल भिंत घरातल्या नेहमीच्या दिव्यांखाली लालच दिसते. याला मात्र उजेडाचा जरासा धक्का पुरतो.

केल्विन हे दिव्याच्या उजेडाच्या छटेचं माप; आकडा लहान तितका उजेड पिवळट, मोठा तितका निळसर पांढरा. २७०० केल्विनच्या पिवळट बल्बमध्ये निळा प्रकाश कमी असतो. जांभळ्याचा निळा आधारच गेला की उरतो तांबूस मातकटपणा. उलट ६५०० केल्विनच्या पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली हाच रंग निळसर राखाडीकडे झुकतो. स्वस्त एलईडीत गडद तांबडा अपुरा असतो, त्यानेही जांभळा फिका पडतो.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते भिंतींचं आपसातलं देणंघेणं. समजा, एक भिंत निळ्या प्रकाशाचे १०० पैकी ६० भाग परत पाठवते आणि हिरव्याचे ४५. हा प्रकाश समोरच्या तशाच भिंतीवर आपटून आला की निळा ३६ उरतो, हिरवा जेमतेम २०. म्हणजे प्रत्येक फेरीत रंग अधिक गडद होत जातो. कार्डावरची टिकली सौम्य आणि चारी भिंती रंगवल्यावर खोली अंगावर येते, ती यामुळे. म्हणून टिकली आवडली की तिच्याहून एक पायरी फिकी छटा घ्यावी, असं माझं ठाम मत झालंय.

खिडकीबाहेर कडुनिंब असेल, तर पानांवरून आलेला हिरवट उजेड जांभळ्याला आणखी राखाडी करतो. आणि उन्हाळ्यात खिडकीत कूलर बसला की येणारा उजेडच निम्मा होतो. मग मे महिन्याच्या भर दुपारीही भिंत दिव्याच्या भरवशावर. पडद्याचं कापड इतवारीतल्या दुकानात ट्यूबलाइटखाली जुळवून घेऊ नका. कापडातला रंग आणि भिंतीचं रंगद्रव्य वेगळं असतं. एका दिव्याखाली जुळलेली जोडी दुसऱ्याखाली फुटते.

त्यापेक्षा प्लायचा दोन बाय दोन फुटांचा तुकडा घ्या. त्यावर प्रायमर, मग रंगाचे दोन हात. पूर्ण वाळू द्या, कारण ओलं इमल्शन दुधाळ असतं आणि वाळल्यावर गडद होतं. मग तो तुकडा सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर एकेका भिंतीला टेकवून बघा.

आमचा रंग शेवटी तोच राहिला. बल्ब तेवढा बदलला: ४००० केल्विनचा, खोक्यावर सीआरआय ९० लिहिलेला (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, त्याचे १०० पैकी गुण). आईने तो स्वतः लावून बघितला आणि दुसऱ्या दिवशी भाऊंनी दुसरा हात मारला.